सहाणेवरची गोळी

माझं काम फोनवर भांडायचं. कागदावर त्याला पाठपुरावा म्हणतात, पण खरं सांगायचं तर भांडणच. लातूरच्या एका दवाखान्यात तान्ह्या लेकरांच्या थायरॉईडवर संशोधन चालतं, तिथं मी नोकरीला आहे. लेकरू जन्मलं की दोन-तीन दिवसांनी टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे आणि तपासायचे. गळ्यातली ती ग्रंथी जन्मापासूनच कामचुकार निघाली, तर लेकराची वाढ खुंटते, मेंदूची तर आधी. त्यावर औषध म्हणजे रोजची एक इवलीशी गोळी. वेळेत सुरू झाली आणि नेमानं पोटात गेली, तर लेकरू चारचौघांसारखं वाढतं. सांगायला सोपं, पण घराघरांत ते घडवून आणायला माझ्यासारखी तोंडाळ बाईच लागते.

मी मूळची नांदेडची. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घरी दखनी, शाळेत मराठी आणि भांडण दोन्हीतून. अम्मी म्हणायची, "ये पोट्टी के जबान कू हड्डीच नइं." त्याच जबानीवर मला नोकरी लागली. सुरुवातीला उमरीकडच्या गावांतून नमुने गोळा करत फिरले. म्हाताऱ्या अंगावर यायच्या, "एवढ्याशा जिवाचं रगत कामून काढून राहिल्या?" त्यांना पुरून उरले, तेव्हा दवाखान्यानं मला लातूरला फोनवर बसवलं.

निलंग्याची पोरगी आमच्याकडं आली ती जन्मून दोन आठवडे झाले तेव्हा. रिपोर्ट वाईट होता. तिची आई बाळंतपणाला माहेरी आलेली, बी.एड. झालेली, शांत बाई. सोबत तिची आई. तिला सगळं घर अव्वा म्हणायचं. कर्नाटक इतकं जवळ की त्या बाजूच्या घरांतून कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात. आमच्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "रोज सकाळी, उपाशीपोटी, गोळी बारीक करून आईच्या दोन थेंब दुधात द्या." दोघींनी माना हलवल्या. घरी जायच्या आधी अव्वानं परत विचारून घेतलं, "दुधातच ना?"

पुढच्या तपासणीत आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. तरी तेच. मग बाटलीवर संशय घेतला, ती शेगडीजवळच्या फडताळात असायची म्हणून. नवी बाटली दिली. तरी रिपोर्टात फरक नाही. मी फोन करायची, "ताई, गोळी रोज देता ना?" ताई म्हणायच्या, "हाव मॅडम, एक दिवस चुकला न्हाई." मला वाटायचं, थापा मारताहेत. आपल्याकडं डॉक्टरचं मन राखायला माणसं 'हाव' म्हणतात आणि घरी जाऊन आपलंच खरं करतात. फोन ठेवून मी रागानं धुमसत बसायची, कारण इथं दिवस पैशापरीस महाग होते. मेंदू काही आपल्यासाठी थांबत नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "किती दिवस उंटावरून शेळ्या हाकायच्या? उद्या पहिल्या गाडीनं निलंग्याला जा. आणि एक करा, विचारू नका. नुसतं बघा." मला नुसतं बघायला सांगणं म्हणजे म्हशीला पाण्यात बसू नको म्हणण्यासारखं. पण गेले.

घर बाजाराच्या मागं, पत्र्याचं, शेणानं सारवलेलं अंगण. मला बघून ताई गडबडल्या, पण अव्वा खूश. "ये माय, बस. चहा टाकते." लेकरू दुपट्यात पडलेलं. डोळे उघडे, पण हालचाल नाही. अव्वा कौतुकानं म्हणाली, "लई शानं लेकरू. रडतच न्हाई. शेजारणी म्हनत्यात, असं गुनाचं लेकरू बघितलं न्हाई." हे शहाणपण नव्हे, हा तोच आजार, हे मला ठाऊक होतं.

मग अव्वा गुटीला बसली. अंघोळ आणि गुटी हे खातं तिचं; त्यात लेकीनं नाक खुपसायचं नसतं. ताईंनी आतून वाटीत दूध काढून दिलं आणि त्या चहा बघायला गेल्या. अव्वानं दगडी सहाण पुढं ओढली, दुधाचा थेंब टाकला आणि एकेक उगाळायला घेतलं. हळकुंडाचा एक वेढा, जायफळाचा अर्धा, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचे दोन. बोटं अशी सराईत की बघत राहावं. शेवटी तिनं एक डबी उघडली आणि तिच्यातनं आमची गोळी काढली. गोळी आख्खी नव्हती. वापरून झिजलेल्या साबणासारखी एका बाजूनं सपाट झालेली. अव्वानं ती दोन बोटांत धरून सहाणेवर हलकेच दोन वेढे फिरवली आणि फडक्यानं टिपून परत डबीत ठेवली.

मी म्हटलं, "अव्वा, ही गोळी कधीची?"

"असंल चार-पाच दिसाची. झिजली की दुसरी काढते."

"आख्खी नाही देत?"

तिनं माझ्याकडं खुळीकडं बघावं तसं बघितलं. "एवढ्याशा जिवाला आख्खी कशी पचंल माय? जायफळ काय आख्खं देतो का आपन?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. डॉक्टरांचं 'बघा' गेलं खड्ड्यात. मी ओरडलेच, "अव्वा, ही गुटी नाही! लेकराचा मेंदू या गोळीवर वाढतोय, आणि तुम्ही त्याला रोज नुसता वास देऊन राहिलात!" चहाची भांडी तशीच टाकून ताई धावत आल्या. सहाण बघितली, डबीतली झिजलेली गोळी हातात घेतली. "मला वाटायचं, अव्वा चमच्यानं चुरून देते," एवढंच त्या म्हणाल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. गोळी रोज दिली जात होती, अगदी एकही दिवस न चुकता.

अव्वा रडली नाही. सहाण बाजूला सारून तिनं विचारलं, "मंग इतके दिस गेले, त्याचं काय?"

मी डॉक्टरांना फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. ते म्हणाले, "आजपासून आख्खी द्या. थोडंफार औषध जातच होतं, ते आपलं नशीब. गेल्या दिवसांनी काही बिघडलं का, ते आज नाही सांगता यायचं. पोरगी मोठी होईल तसं कळेल." अव्वानं ते ऐकलं आणि मला म्हणाली, "दाखव, कसं करायचं." दोन चमच्यांमध्ये गोळी कशी चुरायची, दुधात कालवून लेकराच्या गालाच्या आत कशी सोडायची, ते मी आधी रिकाम्या चमच्यांनी करून दाखवलं. मग खरी गोळी तिच्याच हातून देववली. परत एकदा करायला सांगितलं, तर म्हणाली, "बास की, आज काय दोन देतीस व्हय?"

त्या दिवसापासून आमच्या कामाची रीतच बदलली. 'देता का' हा प्रश्न आम्ही टाकून दिला आणि 'करून दाखवा' म्हणायला लागलो. जळकोटच्या एका घरात तशीच सहाण निघाली. उमरीत एका आईनं गोळी बाटलीभर दुधात विरघळवलेली, आणि अर्धी बाटली रोज मोरीत जायची. सगळी प्रेमानं केलेली कामं! डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून गोळी कशी द्यायची याचा छोटा व्हिडिओ करून घेतला. त्यात हात माझे आहेत, आवाजही माझाच, जरा चिडका.

थोड्या दिवसांनी ताईंचा फोन आला. घाबरलेल्या. "मॅडम, सकाळपासून रडून राहिली. थांबतच न्हाई. गोळी जास्त तर होत न्हाई ना?" मागून लेकराचा टाहो ऐकू येत होता. मी म्हटलं, "ताई, तपासून घेऊ आपण, पण तोवर रडू द्या हो. ऐकू द्या शेजारणींना." तपासलं तर आकडा जागेवर आला होता. त्या दिवशी मी सगळ्या दवाखान्याला जिलबी खाऊ घातली.

पण अव्वाचा प्रश्न तसाच राहिला. पोरगी बसली, रांगली, जरा उशिरानं का होईना चालली. बोलणं मात्र येईना. तिच्या बरोबरीची लेकरं घर डोक्यावर घ्यायची, आणि ही 'दूध', 'चल' असा एकेक शब्द मोजून काढायची. दोन शब्दांची गाठ काही बसेना. अव्वानं लग्नाकार्याला जाणं सोडलं, कारण तिथं कुणीतरी विचारायचंच. मला मात्र फोन करायची. "बोलंल ना गं माय?" मी म्हणायची, "बोलेल, अव्वा." म्हणायची आणि स्वतःच घाबरायची. डॉक्टर सांगायचे की काही लेकरं उशिरा बोलतात, ऐकणं आणि समजणं चांगलं आहे, धीर धरा. धीर धरणं हा माझा प्रांतच नाही.

परवा तिला तीन वर्षं पूर्ण झाली, म्हणून मोठ्या तपासणीला लातूरला आली. जावईबापू हैदराबादच्या नोकरीवरून खास रजा काढून आलेले, ताई, अव्वा, सगळेच. आधी खेळण्यांची आणि चित्रांची परीक्षा. ठोकळे तिनं भराभर रचले. चित्रातल्या गाईवर, बसवर, कुलपावर बरोबर बोट ठेवलं. पण 'हे काय गं?' म्हटलं की ओठ मिटलेले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "समज छान आहे. बोलण्याचं परत बघू, नवी जागा आहे." ताईंनी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं खिडकीबाहेर.

राहिली होती रक्ताची तपासणी. मीच तिला मांडीवर घेऊन बसले. सिस्टरनं हात धरला, कापूस फिरवला आणि नेहमीसारखं म्हणाली, "काही दुखत नाही हं बेटा."

पोरीनं हात हिसकला. सिस्टरकडं बघितलं, सुईकडं बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाई दुखत, तर तुलाच टोच."

सिस्टरचा हात तसाच राहिला. अव्वा भिंतीला टेकत टेकत खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

"ऐकलं का माय?" ती म्हणाली. "उलटून बोलली."