गिट्टीचा रस्ता

मी पुसदला शाळेत शिकवते. माहेर माझं फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचं. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची भाची पुण्याहून नवऱ्याला घेऊन आली. दोघं अमेरिकेतल्या वाळवंटात, नवाहो नावाच्या तिथल्या आदिवासींच्या मुलखातून गाडीने फिरून आली होती. तसंच काही इथलं बघायचं होतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही बंजारा, गाडीही चालवता. न्या ना यांना." नाही म्हणणं जिवावर आलं.

सागाला पान नव्हतं. काळी जमीन भेगाळलेली. "अगदी तिथल्यासारखं!" म्हणत भाचीचा नवरा काचेतून फोटो काढत होता. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तांड्यावर आई, म्हणजे आमची याडी, ओट्यावर डाळ पाखडत होती. अंगावर साधं सुती पातळ. भाचीचं तोंड उतरलं. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "आरशांचा तो घागरा नाही का त्यांच्याकडे? पाच मिनिटं घालायला सांगा ना."

आणि मी सांगितलं. लहानपणी गॅदरिंगला गुरुजी मला दरवर्षी तोच पोशाख घालून पुढे उभं करायचे, आणि वर्गात मी कायम शेवटच्या बाकावर. तरी सांगितलं. "याडी, फेटिया-कांचळी घाल ना. फोटो पाहिजे यांना."

याडीने सूप खाली ठेवलं. "आज तीज हाय? का कोणाचं लगन हाय?"

"नाही."

"मंग कायले घालू?"

नवरा हसला. "आजी, तुमची संस्कृती लोकांपर्यंत पोचेल."

"तुह्या घरी पाहुणे आले का तू आपल्या आजीले नऊवारी नेसाले लावतं का?"

याडीने हात धुतले, चपला घातल्या. "पाह्याचंच हाय तर चाला. मी दाखवतो." ती सरळ पुढच्या सीटवर बसली. नवऱ्याला मागे जावं लागलं.

घाटातल्या एका वळणावर ती म्हणाली, "थांबव." आम्ही उतरलो. तिने चपलेने डांबरावर ठोकलं.

"याच्या खाली माही गिट्टी हाय. दुष्काळात रस्त्याच्या कामावर फोडली. ही पोटात होती. मुकादम म्हणे, तांड्यावरच्या बाया, चोरटी जात, झडती घ्या यायची. रोज सांजच्याले साऱ्यायसमोर लुगडं झटकून दाखवा लागे. चौथ्या दिवशी आम्ही साऱ्या जणी हातोड्या ठेवून इथंच बसलो. म्हटलं, आता तूच फोड."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"मग?" भाचीने विचारलं.

"मंग काय? दोन दिवस काम बंद. तिसऱ्या दिवशी झडती बंद." याडीने पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "काढ आता फोटो."

भाचीने मोबाइल वर केला. मागून ट्रक आला, हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. मी म्हणाले, "याडी, बाजूला हो." ती हलली नाही. फोटो निघाला, भाचीने तो तिला दाखवला, याडीने डोळे बारीक करून नीट पाहिला, मग ट्रकला वाट मिळाली.

सोमवारी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "जावई फार नाराज होऊन गेले. फोन करून सॉरी म्हणा. नंबर देते."

मी म्हणाले, "नको." आणि तासाला गेले.