किल्वरची छक्की

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधीच सांगून टाकते. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्यात पत्ते खेळायला बसत नाही, म्हणून असेल.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवऱ्याला नव्या कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही सासूबाईंना घेऊन उदगीरहून भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. जिल्हा आला, पाणी काही आलं नाही. दुष्काळच तसा होता. घागरी रांगेत लावायच्या आणि टँकर येईपर्यंत लिंबाच्या सावलीत मेंढीकोट मांडायचा. एका बाजूला मी आणि आत्याबाई — सासूला मी आत्याबाईच म्हणते — आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या चाची आणि त्यांची लेक. चारही दश्शा एकीकडे गेल्या की कोट. चाची आम्हाला रोज कोट द्यायच्या, वर चहाही पाजायच्या. तो चहा मला कडू लागायचा.

त्या दिवशी मात्र तीन दश्शा आमच्याकडे होत्या. हुकूम इस्पिकचा. लेकीने किल्वरचा एक्का टाकला, चाचींनी त्यावर शेवटची दश्शी दिली. माझ्या हातात किल्वरची छक्की होती. रंगाचं पान असताना कापायचं नसतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी मी इस्पिकची दुर्री मारली. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. त्या दोघी आपली पानं कमरेला खोचून धावल्या. आमची सतरंजीवरच पडली.

परत आलो तर वाऱ्याने आमची पानं एकत्र झालेली, आणि वर छक्की उताणी.

"किल्वर था, तो काटा किसने?" चाचींनी विचारलं.

चोरी आमच्या बाजूची, हे उघड होतं. पण दोघींपैकी कुणाची? भोंग्याच्या गडबडीत कुणी बघितलं होतं?

मी हसत म्हणाले — हो, हसत — "आत्याबाई, तुम्हीच टाकली की. इस्पिक न् किल्वर एकच दिसायलंय तुम्हाला."

त्यांनी वाद घातला नाही. आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "हाव, मीच टाकली आसंल."

त्यानंतर त्यांनी पत्ते हातात धरले नाहीत. मग तांदूळ निवडणं सोडलं, सुईत दोरा ओवणं सोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर चांगली आहे म्हटलं, तर घरी येऊन मला म्हणाल्या, डॉक्टरला काय कळतंय, तू तर समोरच बसली होतीस. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी चहा ठेवला.

आता त्यांची नात कॉलेजच्या सुट्टीत आली आहे. तिने काल हट्टाने आजीला बसवलं. आत्याबाईंनी पत्ते असे झरझर पिसले की पोरगी बघतच राहिली. मलाही इतका आनंद झाला, की रडूच येईल असं वाटलं. पण पान टाकण्याआधी दर वेळी त्या ते माझ्याकडे वळवायच्या — "इस्पिकच हाय ना गं?" आणि दर वेळी ते इस्पिकच असायचं.

आज दुपारी पुन्हा डाव आहे. पानं वाटायच्या आधी मी सांगणार आहे, सगळ्यांसमोर. त्या हसतील, बोलणं टाकतील, डाव मोडून उठतील — ते त्यांचं. पण पुढचं पान त्या मला न विचारता टाकतील.