आण्णांचा जादा बोर्ड

आण्णांवर माझा आजही राग आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी असं लिहू नये म्हणतात. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. मुरुमला शाळेत सायन्सचे मास्तर होते. माझं उमरग्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. "डोकं माझ्याकडं आलं, हात ह्याच्याकडं गेले," असं ते पाहुण्यांना माझ्यादेखत सांगायचे.

तरुणपणी त्यांनी हैदराबादहून एक होम कॉम्प्युटर आणला होता. सगळं मशीन कीबोर्डच्या पोटातच. स्क्रीन म्हणजे घरचा टीव्ही. प्रोग्राम कॅसेटवरून, टेपरेकॉर्डर लावून चढवायचा.

मेमरी कमी पडते म्हणून आण्णांनी स्वतः आत एक जादा मेमरीचा बोर्ड बसवला. पुढं मशीन माळ्यावर गेलं आणि आम्ही विसरलो.

वहिनी गेल्या, आणि आण्णांनी ते खाली काढलं.

"एकदा चालू करून दे," मला म्हणाले. "दुसरं काय मागणं न्हाय माझं."

त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. सोल्डरिंग त्यांना जमणारं नव्हतं. मग माझे रविवार मुरुमला जायला लागले.

पॉवर सप्लाय नवा बांधला. कपॅसिटर फुगले होते, बदलले. सगळे कॉन्टॅक्ट घासून साफ केले.

टीव्हीवर नुसते रंगीत चौकोन.

आत बघितलं की कंपनीचं काम कुठलं आणि आण्णांचं कुठलं, लगेच ओळखू यायचं. कंपनीचे सोल्डरचे ठिपके बारीक. आण्णांचे ज्वारीच्या दाण्याएवढे. आणि त्यांचा बोर्ड हाताला चटका बसावा इतका तापत होता.

आमच्या धंद्यात साधा नियम आहे. मागाहून जे जोडलंय ते आधी सोडवायचं, मग मूळ मशीन तपासायचं.

"आण्णा, तुमचा बोर्ड काढून बघू."

"त्येवढं सोडून काय बी काढ."

"रोग तिथंच हाय."

"असू दे. चालायचं तर त्याच्यासकट चालू दे."

"मग न्हाय चालत."

"मग ऱ्हाऊ दे."

दर रविवारी हेच. मी म्हणायचो, स्वतःच्या हातची चूक मास्तरला कशी दिसणार. ते हसायचे. कारण मात्र सांगायचे नाहीत.

एक दिवस आण्णा तसेच गेले. मशीन न चालताच.

आज जेवणं उरकली, पाहुणे गेले. घरात मी आणि तेजा, आण्णांची मुलगी.

मी मशीन टेबलावर घेतलं. वायरी सोडवल्या, बोर्ड उचलला, स्विच दाबला.

चालू झालं. पांढरी स्वच्छ स्क्रीन, खाली कंपनीची एक ओळ.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाटलं, आण्णा, जिंकलो मी.

तेजा आत गेली आणि कपाटातून एक कॅसेट घेऊन आली.

"काका, आता ही लावा. ह्यात आईची अक्षरं आहेत."

"कसली अक्षरं?"

मग तिनं सांगितलं. त्या मशीनला मराठी येत नव्हतं. वहिनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर चौकोन भरून काढायच्या, अ पासून ज्ञ पर्यंत, काना-मात्रांसकट. आण्णा ते चौकोन मशीनला शिकवायचे. मग टीव्हीवर वहिनींच्या वळणाचं मराठी उमटायचं. तेजानं स्वतःचं नाव पहिल्यांदा तिथंच वाचलं होतं.

टेप लावली. प्रोग्राम चढतानाची ती कर्कश किरकिर चालू झाली. आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत बसलो.

किरकिर मधेच थांबली. इंग्रजीत आलं, आउट ऑफ मेमरी.

वहिनींची अक्षरं मूळ मशीनमध्ये मावत नव्हती. बोर्ड त्यांच्यासाठीच बसवला होता.

आण्णा, हे सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?

मी बोर्ड काढून फेकून देणार नव्हतो. वेगळा काढून, तुम्हाला शेजारी बसवून, कुठली वायर कशाची ते विचारून दुरुस्त केला असता. तुम्ही डोकं, मी हात. आता कुठली वायर कशाची हे सांगणारं माणूसच नाही.

आणि मी तरी कुठं विचारलं, की चालू झाल्यावर तुम्हाला काय बघायचंय?

बायको गेलेला माणूस एक जुनं मशीन उराशी धरून बसतो, आणि सख्खा भाऊ त्याला व्होल्टेज सांगत बसतो.

तेजानं टीव्ही बंद केला.

"काका, बोर्ड परत बसवा."

"मग हे चालू व्हायचं न्हाय, बाळा."

"न होऊ दे."

बसवला. वायरी होत्या तिथंच जोडल्या. माझे ठिपके आज आण्णांच्यापेक्षा जाड आले, नीट दिसतच नव्हतं.

आण्णा, वहिनी, तुमचं तुमच्यापाशी ठेवलंय. नमस्कार करतो.