आधी मीठ कोणी पाहायचे

पाच स्त्रिया जिथे एकत्र पोळ्या लाटतात, तिथे पिठापेक्षा किस्सेच अधिक सांडतात. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे ग्रंथालयात झाले. त्यामुळे सदाशिव पेठेतील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जे पोळी-भाजी केंद्र आहे, त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. किस्से त्यामागोमाग आपसूक येतात.

प्रारंभी पाटीचा मजकूर मीच सिद्ध केला होता : ‘येथे गृहिणींनी स्वहस्ते सिद्ध केलेले सात्त्विक व रुचकर भोजन माफक दरात उपलब्ध असते.’ केंद्रप्रमुख सुलभाताईंनी तो शांतपणे वाचला.

“काका, हे वाचून होईपर्यंत पोळी गार व्हायची.”

आजही तिथे त्यांचीच पाटी आहे : ‘पोळ्या संपल्या म्हणजे संपल्या. वाद घालू नये.’

*

एका विद्यार्थ्याने विचारले, “काकू, अगदी घरच्यासारखं असतं ना?”

“घरच्यासारखं नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “घरी आईला कोणी पैसे देत नाही आणि बरं झालंय असंही म्हणत नाही. इथे निदान पैसे तरी द्यावे लागतात.”

त्या विद्यार्थ्याने दोन्ही दिले.

*

केंद्रातली विमल यवतमाळकडची, राहते वारज्यात. यजमानांचा कारखाना बंद पडलेला. मुलगी अश्विनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. “पुढच्या वर्षाचं जमणार नाही, स्थळं बघू,” असे वडिलांनी सांगून टाकले होते. त्याच सुमारास वारज्यातल्या एका कंपनीला कँटीन चालवणारे कोणी हवे असल्याचे कळले. सुलभाताईंनी ठरवले, अर्ज विमलच्या नावाने करायचा. काम मिळाले तर अश्विनीचे शिक्षण टिकणार होते.

अर्ज भरताना मी विचारले, “व्यवसाय?”

“काही नाही लिहा, काका. घरीच असते मी.”

“मग रोजच्या तीनशे पोळ्या काय झोपेत लाटतेस?” सुलभाताई आतून म्हणाल्या.

मी ‘खाद्यव्यवसाय’ असे लिहिले. विमलने ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावले.

*

केंद्राचा एक दंडक आहे : नैवेद्य दाखवल्याखेरीज कोणी चव घ्यायची नाही. मीठ सुलभाताई हाताच्या अंदाजाने घालतात आणि तो अंदाज चुकत नाही. कंपनीतल्या चाचणी-जेवणाच्या दिवशी मात्र त्या टेम्पोत डबे लावण्यात गुंतल्या होत्या. ताईंचे राहिले असेल, असे समजून आमटीत विमलने मीठ घातले. दुसरीनेही तेच समजून घातले. चव कोणीच घेतली नाही.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. “बाई, समुद्र थेट पाइपलाइनने आणलात का?”

त्या संध्याकाळी मी दोन पानी दिलगिरीपत्र लिहिले. विमलने ते हातातही घेतले नाही.

“त्यांना पत्र नको, काका. आमटी पाहिजे.”

*

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर डबा घेऊन ती कंपनीच्या फाटकाशी पोहोचली. रखवालदाराने विचारले, “अपॉइंटमेंट आहे का?”

“आमटी आहे. गार होऊन राहिली.”

अधिकारी बाहेर आले आणि उभ्याउभ्याच वाटीभर आमटी प्यायले. “आज उत्तम आहे. मग काल कोणी चाखून पाहिली नाही?”

“आमच्यात आधी देव, मग घरचे, मग पोरं. आमची पाळी शेवटी. तोवर मीठ कळून काय उपयोग?”

अधिकाऱ्यांनी रिकामी वाटी डब्यावर ठेवली. मग म्हणाले, “काम तुमचं. पण एक अट. इथे रोज सर्वांच्या आधी तुम्ही पान वाढून घ्यायचं, समोर बसून जेवायचं. मग रांग सोडायची.”

त्याच आठवड्यात विमलचे यजमान माझ्याकडे आले. हातात अश्विनीचा दुसऱ्या वर्षाचा प्रवेश-अर्ज होता. “नीट भरा, काका,” एवढेच म्हणाले.

*

कँटीनच्या पहिल्या दिवशी मलाही आमंत्रण होते. विमलने देवाचे पान बाजूला काढून ठेवले, स्वतःचे वाढून घेतले आणि मधल्या टेबलाशी बसली. समोर रांग उभी. डबे उतरवून देणारे तिचे यजमानही रिकामे ताट घेऊन रांगेत. घरी त्यांचे पान नेहमी पहिले.

विमलची पोळी संपली. तिने दुसरी घेतली.

“अगं, किती वेळ?” यजमानांनी हळूच विचारले.

“थांबा,” विमल म्हणाली आणि भातावर आणखी एक पळी आमटी घेतली. “मीठ पाहतेय.”