बिनकडीचं दार

मामीच्या घराच्या दाराला कडी नव्हती. म्हणजे एके काळी होती, तिनंच ती खिळ्यांसकट उपटून काढली. दार रात्रंदिवस सताड उघडं. कुत्री आत शिरून भात खात, कोंबड्या चुलीशी निजत आणि मामी त्यांना घसा फोडून शिव्या देई, पण दार लोटत नसे. कुणी समजवायला गेलं तर म्हणायची, "माहा माणूस आला तं बाहेर उभा राहीन का?" तिच्या माणसाला वाघानं नेलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मामी हे नावही त्या वाघामुळंच पडलं. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात रानात वाघाचं नाव कुणी घेत नाही, त्याला मामा म्हणतात. मोहफुलं वेचायला वाकलेल्या तिच्या नवऱ्याला मामानं उचललं आणि महिनाभरात गावच्या टवाळांनी तिला मामी करून टाकलं. आमच्या गावाला लाज कमीच. तिनं ते नाव मुकाट्यानं घेतलं. मी तिचा शेजारी, मग मीही तेच म्हणू लागलो.

आमच्याकडचे म्हातारे मानतात, की वाघानं मारलेल्या माणसाचा जीव त्याच वाघाच्या पाठीवर बसून रानोमाळ फिरत राहतो. माणूस पडला त्या जागी दगड मांडतात, येणारा-जाणारा त्यावर एक डहाळी टाकतो. मी टाकायचो ती सवयीनं. मामीचा मात्र त्यावर पक्का विश्वास. म्हणून सारं गाव वनखात्याच्या साहेबापुढं "गोळी घाला" म्हणून ओरडत होतं, तेव्हा ती एकटी पुढं झाली. "मारू नोका साहेब. माहा माणूस बसून हाये त्याच्यावर. धरा अन् दूरच्या रानात सोडून द्या." तिच्याच माणसाचा जीव गेलेला, गाव मागं सरलं. साहेब बरं म्हणाले. ते बरं फक्त धरण्यापुरतं होतं, मामीनं ते सोडण्याचंही वचन मानलं.

वाघाला बेशुद्ध करून नेलं, पेपरात 'नरभक्षक जेरबंद' असं छापून आलं, पोरांनी फटाके उडवले. मामीही खुशीत होती. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात उभी राहून बायांना सांगायची, "नवं रान पाहून राह्यला असन तो. जितेपणी तं कुठी गेला नाई."

वाघ रानात नाही, दूरच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात आहे, हे पुढं एका वनरक्षकाकडून कळलं. मामीनं माझा पिच्छाच पुरवला. शेवटी मी तिला घेऊन गेलो. पदराच्या गाठीत तिनं मूठभर मोहफुलं बांधून घेतली होती.

वाघ भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. त्याच्या चालण्यानं तिथली माती सारवल्यासारखी गुळगुळीत झाली होती. गजांवर घासून नाक सोललं होतं. लोक मोबाईल उंच धरून त्याला हाका मारत होते. मामी कठड्याशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "अवो, औंदाचा मोहा येऊन गेला." तिला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं तिथल्या राखणदाराला विचारलं, "याले कधी सोडसान जी?"

"सोडत नसतात बाई. माणूस मारला त्यानं. आता मरेपर्यंत इथंच."

"त्यानं मारला," मामी म्हणाली. "माह्या माणसानं काय केलं?"

राखणदार माझ्याकडं पाहू लागला. मी वाघाकडं पाहू लागलो.

परतताना एसटीत मी तिची समजूत काढत होतो. रोज मांस मिळतं, डॉक्टर आहे, शिकाऱ्याचं भय नाही. ती म्हणाली, "तुले बारा महिने बसून भात देला अन् कडी बाहेरून लावली तं?" मला रागच आला. त्या पिंजऱ्यामुळं माझी बायको सरपणाला निर्धास्त जाते. त्याला सोडा असं मी तेव्हा म्हटलं नसतं, आजही म्हणणार नाही. पण ती गुळगुळीत माती डोळ्यांपुढून जात नाही, हेही खरं. घरी आल्या आल्या मामीनं कोयत्यानं दाराची कडी उपटली. "मारू द्यायले पाह्यजे होतं," एवढंच म्हणाली. "मीच कोंडलं त्याले."

काही वर्षांनी तो वाघ मेल्याची दोन ओळींची बातमी आली. मी तिला सांगायला गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मरतेवेळी पिंजऱ्याचं दार उघडं होतं का?"

बातमीत तसलं काहीच नव्हतं. "होतं," मी म्हणालो.

"मंग येईन," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. "आता पायीच यावं लागन. येळ लागन."

मामी गेल्या पावसाळ्यात वारली, वाट पाहता पाहताच. घर रिकामं झालं. कुत्री शिरू नयेत म्हणून दार बांधायला मी दोरी घेऊन गेलो. चौकटीला खिळ्यांची भोकं तशीच होती. दोरी गुंडाळून परत आणली.