बांधलेला उजवा हात

माझ्या मुलाचा उजवा हात निकामी होत चाललाय आणि तो ते माझ्यापासून लपवतोय, या शंकेनं मागचे काही आठवडे माझी झोप उडवली होती. जेवताना चमचा डाव्या हातात. दाराची कडी डाव्या हातानं. शर्टाची बटणं लावताना आरशासमोर घामाघूम व्हायचा, पण उजवा हात काही खिशातून बाहेर यायचा नाही. विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हता. "काही नाही गं आई, सवय करतोय." कसली सवय? काहीतरी कायमचं जाणार हे कळल्याशिवाय माणूस असली सवय करतो का?

माझी भीती उगाच नव्हती. माझ्या दादाचा, म्हणजे त्याच्या मामाचा, उजवा हात असाच गेलाय. मागच्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, पाय चालू लागले, पण हात खांद्याला नुसता लोंबत राहिला. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. ते काम सुटलं, आणि त्याच्याबरोबर त्याचं बोलणंही.

मुलगा व्हिडिओ गेमचा टेस्टर आहे. गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. ही नोकरी लागली तेव्हा हे म्हणाले होते, "खेळायचा पगार देतात? मग झोपायचा कुठे देतात तेही बघून ठेव, मी अर्ज करतो." पण तो खेळ नसतोच. एकच दार दिवसभर उघडायचं. धावत येऊन, उलटं चालत येऊन, अर्धं उघडून मध्येच थांबून. कधीतरी ते अडकतं. मग कसं अडकलं ते असं लिहायचं, की वाचणाऱ्याच्या हातूनही ते तसंच अडकलं पाहिजे. नाहीतर दुरुस्त करणारे हात झटकतात, "आमच्याकडे तर छान उघडतंय!"

हा चिवटपणा त्याला मामानं लावला. लहानपणी दम्यामुळे तो सदा घरात. शाळेत मंद म्हणायचे, कारण प्रत्येक गोष्टीपाशी तो अडून बसायचा. दादा कामावरून थेट आमच्याकडे यायचा, तेलकट हात धुवायचा आणि भाच्याशेजारी जमिनीवर बसून गेम खेळायचा. हा मात्र सरळ रस्ता सोडून भिंतींना धडका देत बसे.

"अरे, भिंतीचा जावई आहेस का? पुढे चल की!"

"मामा, ही भिंत खोटी आहे. बघ, माझा पाय आत जातो."

दादानं वाकून पाहिलं आणि त्याच्या पाठीत जोराची थाप मारली. "शाबास, जावईबापू! लिफ्ट तपासताना मी हेच करतो. चालते कुठे ते सगळेच बघतात. अडते कुठे ते बघायला आपल्यासारखा खवीस लागतो."

त्या दिवसापासून माझं पोर मंद राहिलं नाही. दादाचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. भावाचे कुणी आभार मानतं का?

परवा मुलगा घराची किल्ली विसरून गेला. हे आणि मी बाहेरगावी निघालो होतो, म्हणून मीच ती द्यायला त्याच्या कचेरीत गेले. पडदे ओढलेली लांबट खोली, ओळीनं स्क्रीन, टेबलांवर चहाचे वाळलेले कप. एक मुलगी जांभया देत देत पडद्यावरच्या योद्ध्याला एकाच कोपऱ्यात उड्या मारायला लावत होती. तिच्या शेजारी माझा मुलगा. त्याचा उजवा हात खुर्चीला करकचून बांधलेला, तोही मी विणलेल्या मफलरनं!

"काकू, घाबरू नका," ती मुलगी म्हणाली, "आम्ही नाही बांधलं त्याला. रोज स्वतःच बांधून घेतो."

"हात बरा आहे ना रे?"

"ठणठणीत आहे. म्हणूनच बांधावा लागतो. मोकळा सोडला की चोरासारखा मदतीला धावतो."

नव्या गेममध्ये एका हातानं खेळता येईल अशी सोय करायची आहे, आणि ती तपासायचं काम यानं मागून घेतलंय. घरी चमचा आणि बटणं कशासाठी, तर हात कधी दमतो, माणूस कधी वैतागतो, हे नुसत्या खेळण्यातून कळत नाही म्हणून. मी खुर्चीवर टेकले. देवानं धडधाकट हात दिलाय आणि माझं पोर तो बांधून बसलंय, याचं हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"मामासाठी ना?"

तो मफलरची गाठ सोडत राहिला. मग म्हणाला, "पण काढून टाकणार आहेत ती सोय. साहेब म्हणतात, तुझा हात संध्याकाळी सुटतो. ज्याचा सुटत नाही अशा कुणालातरी आणून खेळव, तरच ठेवू. सोमवारी ठरेल."

"मग विचार की मामाला."

"मी नाही विचारणार, आई."

का, ते मला ठाऊक होतं. दादा इस्पितळातून घरी आला तेव्हा हा आपला जुना गेम घेऊन मोठ्या हौसेनं गेला होता. "उचल ते," दादा म्हणाला होता, "आणि माझी कीव करायला पुन्हा येऊ नकोस." त्यानंतर हा मामाकडे फिरकला नाही.

उद्या रविवार. आज दिवसभर फोनकडे बघत मी धीर गोळा करत होते. दादाचा राग मला माहीत आहे. मला तोडून बोलला तर मी सोसेन, पण त्यानं भाच्याला पुन्हा तसं म्हटलं तर ते पोर उभं राहणार नाही.

आता सगळे झोपलेत, आणि लिहिता लिहिता मला एक गोष्ट दिसतेय. वर्षभर आम्ही दादाला नुसतं देतोय. वहिनी बटणं लावून देते, मी डबे पाठवते, शेजारी वर्तमानपत्राचं पान उलटून देतात. त्याच्याकडे मात्र कुणी काही मागितलेलं नाही.

म्हणून मी त्याला 'खेळून बघ, बरं वाटेल' असं म्हणणारच नाही. सांगेन, "दादा, जावईबापूंचं काम अडलंय. त्याच्या गेममधली खोट काढायला माणूस हवाय, आणि तुझ्याएवढा खवीस माझ्या ओळखीत दुसरा नाही." तो शिव्या घालेल. घालू दे, त्याच्या शिव्या ऐकूनही बरेच दिवस झाले.

तो रात्री जागाच असतो, असं वहिनी सांगते. आत्ताच करते फोन. डाव्या हातानं उचलायला त्याला वेळ लागतो, तेव्हा मी घाईनं ठेवून देणार नाही. वाजू देईन.