फक्त आकडा बदलला

मी वैशाली मॅडमना फसवलं. सहा वर्षं मात्र त्यांनीच मला फसवलं असं सांगत फिरलो — वणीतल्या एकेका टपरीवर. खरं काय ते परवापर्यंत कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

माझा धंदा धर्मकाट्याच्या सॉफ्टवेअरचा. गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर येतं, पावती निघते. बारावी नापास आहे, सगळं स्वतः शिकलो. पण काट्याच्या मशीनमधून वजन वाचणारा जो गाभा, तो माझा नव्हता. तो मारेगावच्या वैशाली मॅडमनी लिहिलेला. त्या कॉलेजात शिकवतात. कोडसकट इंटरनेटवर खुला ठेवलेला — कुणीही घ्या, वापरा, चुकलं तर कळवा. मी घेतला. आभार मानले का? नाही.

मॅडम प्रत्येक आवृत्तीला आकडा देत. एक-पाचची एक-सहा झाली तर किरकोळ दुरुस्ती. एकाचे दोन झाले तर समजायचं, आत बरंच बदललंय, आपलाही कोड बदलावा लागेल. सोबत काय बदललं त्याचं टिपण असे. दोन-शून्यमध्ये मोठी गोष्ट होती — आधीचा गाभा फक्त विंडोजवर चाले, हा लिनक्सवरही चालणार होता, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरलाही पेलणाऱ्या फुकटच्या प्रणालीवर.

कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या शेठला तेच हवं होतं. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज चढत नव्हतं, म्हणून लिनक्स टाकलेलं.

"दोन-शून्यच पाह्यजे मले. नसन तं दुसरा माणूस पाहतो."

"शेठ, तुमच्यासाठी तेच तं आणलं."

आणलं नव्हतं. त्यासाठी माझा निम्मा कोड नव्यानं लिहावा लागला असता, आधी टिपणं वाचावी लागली असती. आणि मॅडमनी एका कार्यशाळेत चारचौघांत मला म्हटलं होतं, "भाऊ, आधी वाचत जा." ते मनात सलत होतं. मग काय केलं? जुन्या एक-सहामध्ये, काट्याची वायर जोडतात त्या पोर्टचं नाव बदललं; तेवढ्यानं ते लिनक्सवर कसंबसं चालू झालं. आणि आवृत्तीच्या ओळीत एक-सहा खोडून दोन-शून्य लिहिलं. बाजारात मी बोलून बोलून समोरच्याला नमवतो — वाटलं, आकडाही तसाच ठरवायचा असतो.

दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्यांची रांग, आणि सात हजार चारशे ऐंशी किलोची गाडी चारशे ऐंशीवर आली. जुना कोड लिनक्सवर वजनाचा डावीकडचा अंक खात होता.

"काबे, कापूस भरून आणला का हवा?" मागून कुणी म्हणालं. लोक हसले. शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रीनवरच्या मॅडमच्या नावावर बोट ठेवलं. "हे पाहा, दोन-शून्य, त्यांचंच. याचा जबाब कोण देणार?" — मी ओरडलो. मीच. वर त्यांच्या खुल्या पानावर तशी तक्रारही लिहिली, जगाला दिसेल अशी.

मॅडमनी तीनदा विचारलं — कॉम्प्युटर कोणता, काट्याकडून आलेल्या वजनांच्या नोंदी पाठवाल का? मी काही पाठवलं नाही. त्या महिनाभर नसलेली चूक शोधत राहिल्या. शेवटी पुढच्या आवृत्तीतून लिनक्स काढूनच टाकलं. खाली लिहिलं, "चूक सापडली नाही. पण चुकीचं वजन कुणाच्या माथी नको." धडधाकट काम माझ्या तोंडामुळं बंद पडलं.

यंदा माझ्याच गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर विंडोज पेलेनासे झाले. खरी दोन-शून्य तेव्हा उतरवली. टिपण पहिल्यांदा वाचलं. लिनक्सवर वजन अर्धवट वाचलं जाऊ शकतं, अंक गळू शकतो — तिथंच लिहिलं होतं, तोड काढल्याचंही. आठ दिवस कोळशाचे ट्रक त्यावर मोजले. एक पावती चुकली नाही.

परवा त्या जुन्या तक्रारीखाली सगळं लिहून टाकलं, नावानिशी. मॅडमचं उत्तर एका ओळीचं — "नोंदी पाठवा." सहा वर्षांपूर्वीही तेच तर मागत होत्या. पाठवल्या. काल चाचणीची आवृत्ती आली, लिनक्स परत घातलेलं. टिपण दोनदा वाचलं.

आता ती घेऊन शेठच्या जिनिंगवर जाणार आहे. गाड्यांची रांग असेल तेव्हाच जाईन — माझा आरोप ऐकायलाही तेव्हा रांगेतलीच माणसं होती. मी ज्या आवाजात विचारलं होतं, त्याच आवाजात त्यांनी मला विचारलं पाहिजे — याचा जबाब कोण देणार? मी काट्यावर उभा राहतो.